टाउन हॉलमधली दुसरी बाई

मंगळवार, ४ मार्च

ओमेर आज टाउन हॉल बघायला गेला होता. माझ्याबरोबर नाही, तिच्या फेरीला.

मला हे चौकातल्या बेकरीवालीकडून कळलं. पाव कागदात गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "तुझा नवरा म्हातारपणी कलाप्रेमी झाला वाटतं, हिल्दा. त्या नव्या गाईडच्या मागोमाग जिना चढत होता, टोपी हातात घेऊन." मी म्हटलं, "हो, मीच पाठवलं होतं." आणि पाव तिथेच काउंटरवर विसरून घरी आले.

एकोणीस वर्षं मी त्या इमारतीत माणसं फिरवते आहे. खालच्या कमानी, वरच्या टोकदार खिडक्या, कोनाड्यांतले दगडी काउंट सरदार आणि त्यांच्या नाकं झिजलेल्या बायका, सगळं मला झोपेत सांगता येईल. इतक्या वर्षांत ओमेर माझ्या फेरीला दोन-तीनदा आला असेल, तेही गेल्या वर्षभरात. दरवेळी सगळ्यात मागे खांबाशी उभा राहिला आणि अर्ध्यातून निघून गेला. विचारलं तर, "गर्दी फार होती गं." आणि तिच्या फेरीत गर्दी नव्हती?

तिचं नाव नारिने. अर्मेनियाची आहे, चाळिशीची, नवरा नाही. बरीच वर्षं झाली इथे येऊन. आमची भाषा शिकली, गाईडची परीक्षा पास झाली. परीक्षेची तयारी मीच करून घेतली होती. अख्खा हिवाळा माझ्या प्रत्येक फेरीत ती मागे उभी असायची. म्हणजे ती जे सांगते ते माझंच आहे. फक्त ती एकेक शब्द असा ठेवते की जणू टेबलावर काचेचे पेले मांडते आहे. शिवाय भुवया, हात, मान, सगळं बोलत असतं. नाटकी आहे.

संध्याकाळी मी भाजी चिरताना सहज विचारलं, "आज कुठे गेला होतास?"

"दिले ना," तो म्हणाला. "मका आणि वाटाणे, दोन्ही."

मी त्याला परसातल्या कबुतरांच्या दाण्यांबद्दल विचारलं नव्हतं. हल्ली तो असंच करतो. नको असलेला प्रश्न आला की दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो.

शुक्रवार, ७ मार्च

पर्यटन कार्यालयातल्या लुडोनं बोलावलं होतं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी वारसा दिन आहे. टाउन हॉलच्या बुरुजाचं काम संपून त्या दिवशी तो पुन्हा उघडणार, महापौर येणार, बँड वाजणार. त्या दिवशीची मुख्य फेरी मीच घेणार असं मी धरून चालले होते.

"मुख्य फेरी नारिने घेईल," लुडो म्हणाला. "तू दुसरी घे, हिल्दा. मागच्या जिन्यानं."

"का?"

"नवा चेहरा हवा असं वर ठरलंय."

"मग माझा जुना चेहरा कुठे ठेवू? कोनाड्यात?"

"उत्तरेकडचा एक रिकामा आहे खरा," असं म्हणून तो हसला. मी हसले नाही. याला दाढी फुटायच्या आधीपासून मी ओळखते.

बँडवरून आठवलं. ओमेरनं बँड सोडला त्याला आता चार महिने झाले. तरुणपणापासून बिगुल वाजवत होता, मला पहिल्यांदा दिसला तोही बिगुल वाजवतानाच. सोडताना म्हणाला, दातांमुळे फुंक नीट बसत नाही. दात तर त्याचे माझ्यापेक्षा चांगले आहेत, अजून अख्खं सफरचंद चावून खातो. गुरुवारचे पत्तेही बंद केलेत. कशातच मन नाही त्याचं. एका ठिकाणी सोडून, हे आता कळलं.

बुधवार, १२ मार्च

आज मी एक वाईट गोष्ट केली. इथे लिहून टाकते, म्हणजे उद्या मीच नाकबूल करायला नको.

दुपारी नारिने आणि मी सभागृहात दोघीच होतो. छताच्या तुळयांखाली आधाराला कोरीव दगड आहेत, त्यांवर उकिडवी बसलेली माणसं: संत, विदूषक, नवऱ्याची दाढी ओढणारी बायको. ती वर बघत म्हणाली, "हिल्दाबाई, पुस्तकातला शब्द मला माहीत आहे. पण इथले लोक यांना काय म्हणतात? घरात बोलताना?"

घरात बोलताना कोणीच त्यांना काही म्हणत नाही. मी अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "म्हातारीची ढुंगणं."

तिनं शब्द दोनदा म्हणून पाहिला, नीट, पेले मांडल्यासारखा. "किती छान," म्हणाली. "आभारी आहे."

घरी येईपर्यंत मला हसू येत होतं. घरी आल्यावर थांबलं.

शनिवार, २२ मार्च

माझंच माझ्यावर उलटलं. नारिनेनं तो शब्द मोठ्या चर्चच्या पाद्रीबुवांसमोर, पेन्शनरांच्या संघाला सांगितला. लोक हसून हसून बाकांवर बसले म्हणे. पाद्रीबुवांना तर चष्मा पुसावा लागला. आता सगळं शहर ढुंगणं बघायला येतंय. तिच्या फेऱ्या भरल्यात, माझ्या बुधवारच्या फेरीला पाच माणसं होती, त्यांतली दोन चुकून आलेली.

हे मला कुणी सांगितलं? ओमेरनं. जेवताना मांसाचा तुकडा काट्याला तसाच टोचून ठेवून तो सांगत होता. किती दिवसांनी इतकं बोलला. "आणि ती म्हणते, बघा वर, म्हातारीची..." पुढे बोलताच येईना, इतका हसत होता. डोळ्यांतून पाणी.

"तू परत गेला होतास?"

"अं?"

"परत गेला होतास का तिच्याकडे?"

"चांगलं झालंय," तो म्हणाला, "मीठ थोडं कमी."

बुधवार, २ एप्रिल

नारिनेची फेरी मंगळवारी आणि शुक्रवारी असते. त्या दोन दिवशी ओमेर दाढी करतो आणि तपकिरी कोट घालतो. बाकीच्या दिवशी कबुतरांच्या पिसांसकट फिरतो.

खेंट शहरातून आमच्या मुलीचा, ग्रिटचा फोन होता. तिची तक्रार, "बाबा फोनच उचलत नाहीत. उचलला तर हो हो म्हणतात आणि ठेवून देतात. मी त्यांना सांगितलं की मला नवी नोकरी मिळाली, तर म्हणाले, हो, इथेही पाऊस आहे."

मी तिला काय सांगणार? की तुझे बाबा बासष्ट ओलांडल्यावर प्रेमात पडलेत? मी म्हटलं, "थकतात गं हल्ली."

संध्याकाळी रेडिओ इतका मोठा लावतो की मला स्वयंपाकघराचं दार लावून घ्यावं लागतं. मी बोलू नये म्हणूनच, दुसरं काय. गालिच्याच्या कारखान्यात तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली, तेव्हा घरी आला की म्हणायचा, "हिल्दा, तू बोल, मी नुसता ऐकतो. दिवसभर माणसाचा आवाज कानावर पडलेला नाही." आणि मी बोलायचे. सगळं सांगायचे, शेजारणीचं, चौकातलं, टाउन हॉलचं.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज गेले. ठरवून गेले, लपून.

मागच्या जिन्यानं वर चढून सभागृहाच्या पडद्यामागच्या दारात उभी राहिले. माझ्याच टाउन हॉलमध्ये चोरासारखी. नारिने भिंतीतल्या कोरीव शेकोटीपाशी उभी होती, खिडकीचा उजेड थेट तिच्या चेहऱ्यावर. समोर तीसेक माणसं आणि सगळ्यांत पुढे, तिच्यापासून हातभर अंतरावर, तपकिरी कोटातला माझा नवरा.

लोक शेकोटीकडे बघत होते, छताकडे बघत होते. ओमेर तिच्या तोंडाकडे बघत होता. ती वळली की तोही वळायचा. तिनं दुसरीकडे मान फिरवली की त्याचा चेहरा पडायचा, पुन्हा इकडे फिरवली की उजळायचा. तिच्या ओठांवरून त्याची नजर क्षणभरही हलली नाही. माझ्याकडे त्यानं असं शेवटचं कधी पाहिलं होतं ते मला आठवेना.

मग तिनं दाढी ओढणाऱ्या बायकोकडे बोट दाखवून माझा विनोद सांगितला. तो मी रचलेला आहे, माझ्या दुसऱ्या वर्षी: "अशा बायकांविरुद्ध नवऱ्यांच्या तक्रारी याच सभागृहात ऐकल्या जायच्या, दर शुक्रवारी. एकही नवरा आला नाही, कारण शुक्रवारी बाजार आणि पिशव्या उचलायला त्यालाच जावं लागायचं." लोक हसले. एक क्षण गेला आणि मग ओमेर हसला, सगळ्यांच्या नंतर, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. अठरा वर्षं हा विनोद माझ्याजवळ आहे. माझ्याकडून ऐकून तो कधी हसला नाही.

रात्रीचं जेवण उरकून मी भांडी घासत होते. पाठ त्याच्याकडे होती. अशा गोष्टी पाठमोऱ्या बोलायला सोप्या जातात. मी म्हटलं, "ओमेर, मी आज पाहिलं तुला." मी ताटली घासत राहिले. "तुला ती आवडते का? असेल तर सांगून टाक. मी आरडाओरडा करणार नाही. फक्त खोटं बोलू नकोस." नळ चालू होता. मी बराच वेळ वाट पाहिली. तो गप्पच. म्हणजे होकारच की.

मग खुर्ची सरकली. तो उठला, माझ्याजवळ येऊन फडकं घेतलं आणि ताटल्या पुसायला लागला. म्हणाला, "उद्या शेवंतीची रोपं लावू या का गं? हवा चांगली आहे."

मी हात तसेच ओले ठेवून वर गेले आणि दार लावून घेतलं.

मंगळवार, १५ एप्रिल

तीन दिवस आम्ही बोललो नाही. मी बोलले नाही. त्याला ते लक्षात आल्यासारखंही दिसलं नाही, आणि त्याचा मला जास्त राग आला.

आज नारिनेची फेरी संपल्यावर मी तिला जिन्याच्या तळाशी गाठलं. लोक चौकात पांगले होते. ओमेर आज आला नव्हता, ग्रिट आली होती म्हणून.

मी तयारी करून गेले होते, पण तोंडातून निघालं ते असं: "माझ्या नवऱ्याला सोड."

तिला आधी वाटलं, आपल्यालाच शब्द नीट कळला नाही. "सोडू? कुठे? घरी?"

"ढोंग करू नकोस. दर मंगळवारी, दर शुक्रवारी. तुझ्या तोंडाकडे टक लावून. मी पाहिलंय."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग पायरीवर बसली आणि हात धरून मलाही बसवलं. मी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, आणि बसले.

"हिल्दाबाई," ती म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही. तुम्हाला माहीत नाही?"

मी तिच्या हातातून माझा हात काढून घेतला.

"माझे वडील गिरणीत होते. म्हातारपणी ते असंच बघायचे, तोंडाकडे. पहिल्याच दिवशी मी ओळखलं. म्हणून मी त्यांना पुढे उभं करते आणि उजेडात उभी राहते. मला वाटलं, तुम्हीच त्यांना माझ्याकडे पाठवलंत."

"तुझ्याकडे का येतो मग? माझ्याकडे का नाही?"

"आले होते ना तुमच्याकडे. म्हणाले, तिचा आवाज वर कमानीत जातो आणि तिथेच राहतो. आणि गर्दीसमोर तुम्हाला सावकाश बोल म्हणायची त्यांना लाज वाटली. फेरी संपली की ते दर वेळी एकच विचारतात, 'हिल्दाही हेच सांगते ना? असंच सांगते?' मी म्हणते, हो, सगळं त्यांचंच आहे."

समोर भाजीवाल्याचा ट्रक मागे घेत होते, त्याची पीं पीं चालली होती. मी तो ट्रक चौकातून बाहेर पडेपर्यंत बघत राहिले.

"आणि ते... ढुंगणं," मी म्हटलं.

"ते मला पाद्रीबुवांनी त्याच दिवशी सांगितलं," नारिने म्हणाली. "रडले थोडी. मग विचार केला, आधी कुणी मान वर करून बघत नव्हतं, आता सगळे बघतात. म्हणून तेच ठेवलं."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे."

आता घरी बसून लिहिते आहे. मला हलकं वाटायला हवं. नवरा माझाच आहे, कुठे गेलेला नाही. पण हलकं वाटत नाही. माझ्या घरातली गोष्ट, माझ्या पलंगावर झोपणाऱ्या माणसाची गोष्ट, तिला एका दिवसात कळली. मला कळली नाही. तिनं त्याला चोरलं असतं तर मी निदान भांडले तरी असते.

शनिवार, १९ एप्रिल

उद्या ईस्टर. ओमेर परसात कबुतरांची खुराडी धूत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, बरोबर समोर, आणि त्यानं वर बघेपर्यंत थांबले.

"तुला ऐकू येत नाही का?"

त्यानं बादली खाली ठेवली. "कमी येतं."

"कधीपासून?"

"हळूहळू गेलं. आधी बिगुलाचे वरचे सूर गेले. मग पत्त्यांत कोण काय बोललं कळेना, दोनदा भलताच पत्ता टाकला. एकानं विचारलं, झोपलास का."

"मला का नाही सांगितलंस?"

तो बराच वेळ ब्रशचे केस साफ करत राहिला. मला वाटलं हेही त्याला ऐकू आलं नाही. पण आलं होतं.

"तू बोलतेस, हिल्दा," तो म्हणाला. "सारखी बोलत असतेस. मला वाटलं, मला ऐकू येत नाही हे तुला कळलं तर तू बोलायची थांबशील."

"आणि त्या दिवशी? भांडी घासताना मी काय विचारलं ते कळलं होतं?"

"तू पाठमोरी होतीस. काहीतरी विचारतेस एवढं खांद्यांवरून कळलं. मला वाटलं बागेचं असेल." मग म्हणाला, "काय विचारलं होतंस?"

"बागेचंच," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी मिळून खुराडी धुतली. मी बोलले नाही, कारण बोलायला लागले असते तर रडले असते. त्याला ते आवडलं नाही. मधूनच मला कोपरानं ढोसून म्हणाला, "बोल की."

रविवार, २७ एप्रिल

वारसा दिन झाला. नारिनेनं समोरच्या मोठ्या जिन्यानं महापौरांना आणि शे-दीडशे माणसांना वर नेलं. मी मागच्या जिन्यानं बारा जणांना. बारांत एक ओमेर, तपकिरी कोटात. माझ्यासाठी दाढी केली होती. मी ते पाहिलं.

मी त्याला पुढे उभं केलं. खिडकीकडे तोंड करून उभी राहिले आणि सावकाश बोलले. सावकाश बोलणं मला जमत नाही, जिभेला लगाम घालावा लागतो. हॉलंडचं एक जोडपं होतं, भाषा आमचीच. त्यातला नवरा शेवटी न राहवून म्हणाला, "बाई, आम्ही डच आहोत, मंद नाही." सगळे हसले. ओमेरनं माझ्याकडे बघितलं, मी त्याला तोंड नीट उघडून पुन्हा सांगितलं, मग तोही हसला.

शेकोटीपाशी आल्यावर मी तुळयांकडे वळले तर ओमेर सगळ्यांसमोर म्हणाला, "आधी शेकोटी संपव. नारिने आधी शेकोटी सांगते."

मला एकदम झोंबलं. वाटलं याला मागच्या जिन्यावरून खाली ढकलावं. मी म्हटलं, "नारिनेला हा क्रम मी शिकवला, आणि मी तो कधीही बदलू शकते." पण आधी शेकोटीच सांगितली.

तेवढ्यात पलीकडच्या दालनातून टाळ्या ऐकू आल्या, खूप टाळ्या. महापौरांचा घोगरा हसण्याचा आवाज. तिथे मी असायला हवी होते. अजूनही वाटतं. वारसा दिन वर्षातून एकदाच येतो आणि माझ्या वयात तो किती वेळा येणार. ओमेरला त्या टाळ्या ऐकू आल्या नाहीत. तो माझ्याकडेच बघत होता, मी गप्प का झाले म्हणून. मी पुढे बोलायला लागले.

परत जाताना त्यानं माझ्या कोटाची कॉलर सरळ केली आणि म्हणाला, "तू तिच्यापेक्षा जास्त थापा मारतेस."

"त्याला गोष्ट सांगणं म्हणतात."

"तेच," तो म्हणाला.

शनिवार, ३ मे

ग्रिट त्याला खेंटच्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, मीही गेले. यंत्र मिळेल, पण महिनाभर लागेल, आणि यंत्रानंही सगळं परत येणार नाही. डावा कान पूर्ण गेलाय. उजव्यात थोडं आहे, ते जपायचं.

उद्या नारिनेला जेवायला बोलावलं आहे. बोलावणं मीच केलं, कुणी सांगितलं नव्हतं. ओमेर सकाळपासून तिला त्याची कबुतरं कोणत्या क्रमानं दाखवायची ते ठरवतोय. मी बिअरमध्ये मांस शिजवून ठेवलं आहे, दुसऱ्या दिवशी ते जास्त मुरतं. तिला आवडतं म्हणून जर्दाळूही आणलेत, तिच्या देशात त्यांचं फार कौतुक असतं. ती चांगली बाई आहे. मी तिला तसं सांगणारही आहे.

टेबल आत्ताच मांडून ठेवलं. माझी खुर्ची ओमेरच्या समोर, खिडकीच्या उजेडात. ग्रिट त्याच्या उजव्या हाताला. नारिने डाव्या.